डॉनर खिंड : मुलं आणि आजी-आजोबांसह एका दिवसाची सहल

सॅक्रामेंटो, फॉल्सम, रोझविल या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात लेक टाहोचा बेत ठरतोच. जरूर जा, टाहो सुंदरच आहे. पण तिकडे जाताना आय-८० हायवेवर ट्रकी गावाच्या अलीकडे ‘डॉनर समिट’ अशी पाटी लागते आणि आपण ती मागे टाकून पुढे निघून जातो. आम्हीही तीन वर्षं तसेच जात होतो. मग एकदा भारतातून बाबा आले होते, त्यांना पाटीवरचं नाव दिसलं आणि त्यांनी विचारलं, “हा डॉनर कोण?” मला जेमतेम दोन वाक्यं सांगता आली. त्याची मला खंत वाटली आणि पुढच्या महिन्यात आम्ही सगळे तिथे गेलो. त्यानंतर चार वेळा जाऊन आलो. ज्यांनी अमेरिकेत अजून एकही हाइक केलेला नाही, घरात सहा वर्षांचं मूल आहे आणि पासष्टीचे आजोबाही, अशा कुटुंबासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळा बेत तिच्यावर बसवला आहे. बहुतेक लोक थेट खाली तळ्याकाठच्या संग्रहालयात जातात आणि वेळ उरला तर वर खिंडीत डोकावतात. तुम्ही उलटं करा. सकाळी आधी खिंड चढा, दुपारी तळ्यावर उतरा. पायांनी तो चढ एकदा अनुभवला की संग्रहालयातली प्रत्येक ओळ वेगळी वाचता येते.

निघण्याआधी एवढी गोष्ट माहीत हवी

१८४० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या भागातून हजारो कुटुंबं छपराच्या बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाली. साधारण दोन हजार मैलांची वाट, वसंतात निघायचं आणि बर्फ पडायच्या आत सिएरा नेवाडा ओलांडायचा. या लोकांना तिकडे ‘पायोनियर’ म्हणतात. ज्या मुलखातून ते गेले तो मात्र रिकामा नव्हता. या डोंगरांत वाशो हे आदिवासी लोक हजारो वर्षं राहत होते, हे मुलांना पहिल्या वाक्यातच सांगा.

या खिंडीतून चाकांच्या गाड्या पहिल्यांदा नेल्या त्या स्टीफन्स-टाउनसेंड-मर्फी या तांड्याने, नोव्हेंबर १८४४ मध्ये. वाट दाखवली होती ट्रकी नावाच्या, पाययूट या आदिवासी जमातीच्या प्रमुखाने. त्याचंच नाव आज नदीला आणि गावाला आहे. वर एका जागी सरळ उभा कडा आडवा आला. त्यांनी गाड्या रिकाम्या केल्या, बैल एकेक करून फटीतून वर काढले आणि साखळ्या लावून गाड्या ओढून घेतल्या. त्या तांड्यातलं एकही माणूस वाटेत दगावलं नाही. उलट वाटेत दोन बाळं जन्मली. मोझेस शॅलेनबर्गर नावाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मागे ठेवलेल्या सामानाची राखण करत अख्खा हिवाळा तळ्याकाठच्या झोपडीत एकटा राहिला, कोल्हे पकडून खाऊन जगला आणि वसंताआधी सुखरूप सोडवला गेला.

दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, डॉनर आणि रीड ही कुटुंबं इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून निघाली. वाटेत इतर घरं जोडली गेली आणि तांडा ८७ जणांचा झाला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सुचवलेला ‘जवळचा रस्ता’ त्यांनी धरला. तो जवळचा नव्हताच. वासॅचच्या डोंगरात झाडं तोडून गाडीवाट करण्यात दिवस गेले, पुढे ८० मैलांचं बिनपाण्याचं मिठाचं वाळवंट लागलं, तिथे बैल गेले, गाड्या टाकाव्या लागल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस ते या तळ्याशी पोचले तेव्हा खिंडीत बर्फ पडायला सुरुवात झाली होती. गाड्या वर चढेनात. तळ्याकाठी आणि सहाएक मैलांवरच्या आल्डर क्रीकला मिळून ८१ जण अडकले. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं होती. फेब्रुवारी ते एप्रिल १८४७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाजूने चार मदत तुकड्या आल्या. तोवर उपासमारीने आणि थंडीने बरीच माणसं गेली होती, आणि उरलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला होता.

मुलांना यातलं किती सांगायचं ते खाली येईलच.

कधी जायचं

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. पहिल्यांदा जाताना याच्या बाहेर जाऊ नका. या खिंडीत एका हिवाळ्यात सरासरी तीस फुटांच्या आसपास बर्फ पडतो आणि पायवाटेवरचा बर्फ जूनमध्येही पूर्ण वितळलेला नसतो. आम्ही पहिल्या वर्षी जूनच्या मध्यावर गेलो. खाली गाडीशी कडक ऊन होतं, म्हणून निर्धास्त होतो. अर्ध्या तासाने झाडांच्या सावलीत वाट बर्फाखाली गेली. पुढच्याच्या बुटांचे ठसे धरून चालत राहिलो आणि ते ठसे भलतीकडेच निघाले. मुलाचे पाय ओले, लेक रडकुंडीला आलेली. तिथून मागे फिरलो ते बरंच केलं. ज्या डोंगरात वेळ चुकल्यामुळे एवढं मोठं दुःख घडलं, तिथे आपण ऋतू विचारूनच गेलं पाहिजे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर असतो. आदल्या दिवशी हवेचा निर्देशांक बघा. लाल असेल तर सहल पुढे ढकला, विशेषतः कुणाला दमा असेल तर. दुपारनंतर कधी कधी वीज-पाऊस होतो, म्हणून उघड्या कड्यावरून बारापर्यंत खाली यायचंच.

आदल्या रात्री

सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि खिंड सात हजार फुटांवर. दीड तासात एवढी उंची चढल्यावर डोकं दुखणं, मळमळणं, उगाच चिडचिड होणं साहजिक आहे. यावर उपाय म्हणजे पाणी, आणि पहिला अर्धा तास अगदी सावकाश चालणं. माणशी दोन लिटर पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा. आमच्या लेकीचं डोकं एकदा वर पोचताच ठणकायला लागलं. सकाळपासून तिने घोटभरही पाणी प्यायलं नव्हतं हे गाडीतल्या भरलेल्या बाटलीवरून कळलं. तेव्हापासून गाडीतच, वाटेतल्या कोलफॅक्स गावापर्यंत एक बाटली संपवायची असा आमच्याकडे नियम आहे.

पकड चांगली असलेले बूट, टोपी, सनस्क्रीन, आणि ऑगस्टातही प्रत्येकाला एक स्वेटर किंवा विंडचीटर. कड्यावर वारा बोचतो. जुलैत डास फार असतात, त्याचं मलम घ्या. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, कारण झाडीत सिग्नलचा भरवसा नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चालण्याच्या दोन काठ्या न्या. बाबा आधी नको म्हणाले होते, उतरताना त्या काठ्या त्यांनी कुणालाच दिल्या नाहीत.

जेवणाला दशम्या, तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप लावलेली पोळी, काकडी. दुधात भिजवलेली दशमी प्रवासासाठीच आहे, ती दुपारपर्यंत मऊ राहते. दहीभात उन्हात गाडीत ठेवू नका. आणि कसलंही खाणं गाडीत दिसेल असं सोडून जाऊ नका, या भागात अस्वलं आहेत.

सकाळ

साडेसहाला घर सोडा. सॅक्रामेंटोहून ट्रकी साधारण १०० मैल आहे. खिंड त्याच्या थोडी अलीकडे. बे एरियातून निघणार असाल तर पाचला निघावं लागेल आणि दिवस फार लांब होईल, त्यापेक्षा एक रात्र ट्रकीला किंवा सॅक्रामेंटोला राहा.

आय-८० वर सोडा स्प्रिंग्ज-नॉर्डनच्या एक्झिटला उतरा आणि डॉनर पास रोडने पूर्वेकडे तीनेक मैल जा. हाच जुना हायवे ४०. लक्षात घ्या, आजचा आय-८० खऱ्या खिंडीतून जात नाही, तो दोनेक मैल उत्तरेकडून जातो. म्हणूनच हायवेवरून जाणाऱ्याला या गोष्टीचा काही पत्ता लागत नाही. माथ्यावर उजव्या हाताला एक छोटा रस्ता आत वळतो, तिथे ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ची पाटी आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी ही वाट, तिचा एक छोटा तुकडा आपण चालणार. गाड्या लावायला जागा थोडी आहे, साडेआठच्या आत पोचलात तर मिळते. स्वच्छतागृहाचं आधीच उरकून घ्या, वर वाटेवर सोय नाही.

रोलर पासपर्यंत

जाऊन-येऊन साडेचार-पाच मैलांची ही वाट आहे. मुलं बरोबर असली तर तीन-साडेतीन तास धरा. आणि निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा. आमची साडेदहा असते. साडेदहाला जिथे असू तिथून मागे वळायचं, मग माथा शंभर पावलांवर का असेना.

पहिला टप्पाच दमवणारा आहे. ग्रॅनाइटच्या मोठ्या पायऱ्यांसारख्या दगडांतून वाट नागमोडी चढते, उजवीकडे खाली लेक मेरी नावाचं छोटं तळं दिसत राहतं. इथे मुलांना पुढे पळू देऊ नका, बाजूला उतार आहे. अर्ध्या तासात चढ सौम्य होतो. पुढे डावीकडे एक फाटा फुटतो, तो डॉनर पीक आणि माउंट जुडाकडे जातो. आपण सरळ राहायचं. ज्यांची मुलं पाच वर्षांखालची आहेत त्यांनी या फाट्याशी बसून खाऊ खावा आणि मागे फिरावं. तेवढीही सहल पुरेशी आहे.

सरळ पुढे वाट स्कीच्या उतारांतून आणि मग फरच्या उंच जंगलातून जाते. इथे थांबून झाडांच्या खोडांकडे बघा. खोडावर पिवळट-हिरवं, झगझगीत दगडफूल वाढलेलं असतं. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं हे लांबचं नातेवाईक, फक्त हे विषारी आहे, तोडून घरी न्यायचं नाही. नीट बघितलं तर ते खोडाच्या तळापासून सुरू होत नाही. बुंध्याशी खोड उघडं असतं आणि वर एका उंचीपासून हिरवं सुरू होतं, शेजारच्या झाडांवरही साधारण त्याच रेषेत. हिवाळ्यात जिथवर बर्फ साचून राहतो तिथवर ते वाढत नाही, म्हणून ही रेषा. आमच्या मुलाने बाबांच्या खांद्यावर बसून हात वर केला तरी तो रेषेपर्यंत पोचला नाही. मग कितीतरी वेळ तो प्रत्येक झाडाशी जाऊन मान वर करून बघत होता. बर्फ किती पडायचा हे त्याला कुठल्याच पुस्तकाने इतकं कळलं नसतं.

जंगल संपता संपता वाट एका खांद्यावर येते आणि डावीकडे थोडं गेलं की कडा. हा रोलर पास. खाली कोल्डस्ट्रीमची दरी. जुन्या रुळाचं लोखंड वापरून केलेली एक खूणपाटी तिथे उभी आहे, तीवर इथून गाड्या कशा वर आल्या ते लिहिलं आहे. सप्टेंबर १८४६ मध्ये निकोलस कॅरिगर आणि त्याच्या सोबत्यांनी, मूळच्या खिंडीतला तो कड्यांचा त्रास नको म्हणून, ही जागा शोधली. गाड्या खाली ठेवल्या. माथ्यावर ओंडक्याचा रोलर केला, म्हणजे साखळी दगडावर घासून तुटू नये. साखळीला साखळी जोडून खालच्या गाडीला बांधली आणि बैलांच्या बारा जोड्या माथ्यावरच्या सपाटीला लावून गाडी ओढून घेतली. तेवढ्याच जोड्या खालूनही लावलेल्या.

आम्ही पाटी वाचत होतो, बाबा वाचत नव्हते. ते कड्याच्या काठाशी उभे राहून खाली बघत होते. वाई तालुक्यातलं आमचं घर, ऊस आणि हळदीच्या गाड्या बाबांनी आयुष्यभर हाकल्या आहेत. थोड्या वेळाने म्हणाले, “चढाला बैल गुडघे टेकतो. खालच्या जोड्यांचे हाल झाले असतील.” मग माथ्यावरच्या सपाटीकडे वळून पावलं टाकून मोजायला लागले, बारा जोड्या एका ओळीत उभ्या करायला किती जागा लागेल ते. जागा पुरते, असं म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. इंग्रजी फारसं न येणाऱ्या माणसाला अमेरिकेचा इतिहास सांगता येणार नाही असं मी उगाच धरून चालले होते. तुमच्याकडे गावाकडचं कुणी पाहुणं आलं असेल तर त्यांना इथे जरूर आणा.

इथे आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. कॅरिगरची माणसं चढली ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात. डॉनर तांडा खाली तळ्याशी आला तो साधारण पाच-सहा आठवड्यांनी, त्याच वर्षी. डोंगर तोच होता, फक्त महिना बदलला होता.

मुलं दहा-बारा वर्षांची आणि दमदार असतील तर परतताना माउंट जुडावरून (८,२४३ फूट) वळसा घालून या, पाचेक मैलांचा फेरा होतो. वरून डॉनर तळं, उत्तरेला कॅसल पीक, लांबवर ट्रकी दिसतं. जुलैत उतारावर म्यूल्स इअर्सची पिवळी फुलं भरून असतात. बाकीच्यांनी आल्या वाटेने परतावं.

माथ्यावरचा पूल आणि चिन्यांनी रचलेला बांध

गाडीपाशी आल्यावर लगेच खाली धावू नका. डॉनर पास रोडने पूर्वेला थोडं उतरलं की एक वळणदार कमानीचा पूल लागतो, रेनबो ब्रिज, १९२६ चा. जवळच गाडी लावून दरीकडे बघायला जागा आहे. खाली निळं डॉनर तळं आणि आपण उभे आहोत तो चढ, एका नजरेत.

इथून डोंगराच्या अंगावर रेल्वेची जुनी वाट दिसते. अमेरिकेची पहिली आरपार रेल्वे १० मे १८६९ ला पूर्ण झाली, तिचा सगळ्यात अवघड तुकडा हा. सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी इथे काम केलं ते हजारो चिनी मजुरांनी. माथ्यावरचा सहा नंबरचा बोगदा १,६५९ फुटांचा, सगळा ग्रॅनाइट. दोन्ही तोंडांकडून खणून वेळ पुरेना, म्हणून मध्यभागी वरून विहीर पाडून आतून दोन्ही दिशांना खणायला घेतलं. तरी दिवसाला फूटभर पुढे सरकलं तर खूप. सात आणि आठ नंबरच्या बोगद्यांमधली घळ त्यांनी दगड रचून भरून काढली. तो ‘चायना वॉल’. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातला गडगा रचतात तसा दगडावर दगड, पण पंच्याहत्तरेक फूट उंच. १९९३ पर्यंत त्याच्यावरून गाड्या गेल्या. आपला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, ही रेल्वे पूर्ण होण्याच्या अवघी सहा वर्षं आधी. खंडाळ्याचे बोगदे खणणाऱ्या हजारो मजुरांचीही नावं आपल्याला ठाऊक नाहीत. हे मी प्रत्येक वेळी मुलांना सांगते.

बोगदे रेल्वे कंपनीच्या खासगी मालकीचे आहेत. लोक आत शिरताना दिसतील. आपण शिरू नये. आत अंधार, पाणी आणि घसरड असते आणि बांध बाहेरूनच जास्त चांगला दिसतो.

बांधाच्या खाली, पुलाजवळच्या सपाट कातळावर फार जुनी कोरीव चित्रं आहेत, अंदाजे दीड हजार वर्षांपेक्षा जुनी. वर्तुळं, नागमोडी रेघा. उन्हाच्या तिरक्या उजेडात दिसतात, दुपारी शोधावी लागतात. रत्नागिरीची कातळशिल्पं बघितली असतील तर नजर लवकर बसेल. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही, पाणी ओतून फोटो काढायचे नाहीत.

तळ्याकाठी

आता दहा मिनिटांत गाडी तळ्याशी उतरते. उत्तर काठाच्या रस्त्यालगत सार्वजनिक लाकडी धक्के आहेत, एखादा रिकामा सापडला तर तिथेच बसून डबा खा. पाणी थंडगार आहे, मुलांना नुसते पाय बुडवू द्या.

मग तळ्याच्या पूर्व टोकाला डॉनर मेमोरियल स्टेट पार्क. गाडी लावायला शुल्क आहे. संग्रहालय छोटं आहे, तास-सव्वा तास पुरतो. वाशो लोक, तांडे आणि रेल्वेचे चिनी मजूर या सगळ्यांना त्यात जागा आहे. पण मला विचाराल तर आधी बाहेरची सपाट पायवाट करा. दहा-पंधरा मिनिटांत ती एका मोठ्या एकट्या दगडापाशी नेते. डॉनर तांड्यातल्या मर्फी कुटुंबाने या दगडाला टेकून झोपडी बांधली होती; हा दगडच तिची एक भिंत. आज झोपडी नाही, दगड आहे आणि त्यावर कांस्याचा फलक आहे, त्यावर नावं आहेत : कोण गेलं, कोण वाचलं. आडनावांनुसार मुलांना ती वाचू द्या. आमची लेक मोठ्याने वाचत होती आणि मधेच तिचा आवाज खाली आला. एकाच आडनावाची माणसं दोन्ही यादीत होती.

दुसऱ्या एका झोपडीच्या जागी पायोनियर स्मारक उभं आहे, जून १९१८ चं. वर बाप, आई, तिच्या हातात तान्हं, पायाशी एक मूल. चौथरा २२ फुटांचा, त्या हिवाळ्यातल्या बर्फाची उंची दाखवणारा. सकाळी दगडफुलाची रेषा बघितलेलं मूल इथे काही न सांगता मान वर करतं. अनावरणाला त्या हिवाळ्यातून वाचलेल्या तिघी आल्या होत्या, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या : पॅटी रीड, आणि डॉनर बहिणी एलायझा व फ्रान्सिस.

मुलांना काय सांगायचं

नरमांसाचा भाग लपवू नका. संग्रहालयात, शाळेत ते कळतंच. पण गोष्टीची सुरुवात तिथून करू नका. आठ वर्षांखालच्या मुलाला “खायला काहीच उरलं नाही, फार माणसं गेली” एवढं बास. मोठ्यांना विचारलं तर सरळ एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. सांगण्यासारखं बाकी पुष्कळ आहे, आणि तेच कुणी सांगत नाही.

चार्ल्स स्टँटनचं सांगा. तो तांड्यातला एकटा माणूस, त्यात त्याचं कुणीही नातेवाईक नव्हतं. अन्न आणायला तो पुढे सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्ट या किल्ल्यावर पोचला. सुरक्षित होता, तिथेच राहू शकला असता. तो सात खेचरं आणि लुईस व साल्व्हाडोर या मिवोक या आदिवासी जमातीच्या दोन तरुणांना घेऊन परत आला आणि इतरांबरोबर अडकला. डिसेंबरात १५ जण बर्फातून पायी मदत आणायला गेले, त्यात तो होता. बर्फाच्या लखलखाटाने डोळे गेले आणि एका सकाळी चिलीम ओढत बसून राहिला, मागून येतो म्हणाला. लुईस आणि साल्व्हाडोर यांना त्याच वाटेवर उपाशी सोबत्यांपैकी एकाने मारलं. मदतीला आलेल्यांची ही गत झाली, हेही वगळू नका. ३३ दिवसांनी सात जण पोचले, दोन पुरुष आणि निघालेल्या पाचही बायका.

तांड्यातला पॅट्रिक ब्रीन तळ्याकाठी रोजनिशी लिहीत होता. फेब्रुवारीच्या अखेरची एक नोंद आहे : एक एकटा आदिवासी पाठीवर ओझं घेऊन जाताना थांबला आणि त्याने पाच-सहा मुळं दिली, दिसायला कांद्यासारखी, चवीला रताळ्यासारखी, आत धागेच धागे. ज्यांच्या डोंगरात हे लोक न विचारता येऊन अडकले होते, त्यांच्यातल्या एका माणसाने दिलेली. माझ्या मुलाला या साऱ्या गोष्टीतली ही मुळंच सगळ्यात लक्षात राहिली आहेत, रताळं खाताना अजून विचारतो.

आणि ब्रीन व रीड ही दोन्ही घरं पूर्ण वाचली, एकही माणूस न गमावता. लहान मुलांना झोपताना हे सांगायला हवं. रीड कुटुंबातल्या तेरा वर्षांच्या व्हर्जिनियाने मे १८४७ मध्ये आपल्या चुलत बहिणीला पत्र लिहिलं, त्यात सल्ला दिला की कधीही जवळची वाट धरू नकोस आणि जमेल तितक्या लवकर पुढे निघत राहा.

परतीला

चार-साडेचारला निघा. रविवारी दुपारनंतर आय-८० वर सॅक्रामेंटोकडे टाहोहून परतणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून शक्यतो शनिवार धरा. उताराला सतत ब्रेकवर पाय ठेवू नका, गाडी खालच्या गिअरला टाका. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, चालवणाऱ्याचा गॉगल हाताशी हवा.

त्याच दिवशी सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टला जायची घाई करू नका, पोचेपर्यंत तो बंद होतो आणि मुलं पेंगुळलेली असतात. तो पुढच्या एखाद्या शनिवारी वेगळा बघा. वाळवंटात गाड्या हलक्या करायच्या म्हणून सगळ्यांनी सामान टाकलं, तेव्हा आठ वर्षांच्या पॅटी रीडने एक लाकडी बाहुली कपड्यात लपवली आणि कुणालाही न सांगता डोंगर पार करेपर्यंत सांभाळली. ती बाहुली आता त्या किल्ल्याच्या संग्रहात आहे. तळहातात मावेल एवढी आहे, काळे केस रंगवलेले. जाण्याआधी ती मांडलेली आहे ना, एवढं फोन करून विचारून घ्या. आमची लेक तिच्याचसाठी दोनदा गेली.